आजार खुराड्यात, औषध चोचीत

गावठी कोंबडी पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली की बहुतेक घरांत दोनच वाटा निघतात. संध्याकाळपर्यंत कापायची, नाहीतर आठवडी बाजारात विकून मोकळे व्हायचे. गाईसाठी, शेळीसाठी डॉक्टरला फोन जातो. कोंबडीसाठी सहसा जात नाही. ती आपले पोट आपणच भरते, तिच्या खाण्याचा हिशोब कुणी ठेवत नाही, म्हणून तिच्या औषधाचा खर्चही नकोसा वाटतो. विघ्नहराच्या ओझरपासून कुकडीच्या उगमाकडे घाटघरपर्यंत आणि आंबेगावात डिंभ्याच्या वरच्या वाड्यांपर्यंत अशाच कोंबड्या दारोदारी दिसतात. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी भरली. आधीच्या गणनेपेक्षा ती जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त होती. अंड्यांचे आणि कोंबड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतात. मर आली की पहिला फटका तिलाच बसतो.

ही मर पुष्कळ अंशी टाळता येते. त्यासाठी आजार कुठे राहतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

उकिरड्यातले जंत

कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते. किडे, मुंग्या, सांडलेले दाणे हा तिचा खुराक, आणि जंतांचा रस्ताही तिथूनच जातो. गोल जंताची मादी कोंबडीच्या आतड्यात अंडी घालते आणि ती विष्ठेतून बाहेर पडतात. उबदार, ओलसर मातीत दहा-बारा दिवसांत त्यांच्यात लागण करण्याची ताकद येते. सावलीत ती महिनोन्‌महिने तग धरतात. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्यांना सोसत नाही. दाण्याबरोबर ती पुन्हा पोटात जातात आणि पाच ते आठ आठवड्यांत नवे जंत अंडी घालू लागतात. पट्टकृमीला मधला आधार लागतो. त्याची पिल्ले मुंग्यांच्या, भुंग्यांच्या शरीरात वाढतात आणि तो किडा कोंबडीने टिपला की तिच्या आतड्यात पोचतात.

तीन महिन्यांच्या आतल्या पिलांना जंत सर्वांत जास्त छळतात. पिलू खाते, पण अंगी लागत नाही. छातीचे हाड हाताला लागते, तुरा फिका पडतो. औषध साधे आणि स्वस्त असते, पण एकदा देऊन भागत नाही. पाइपराझिन मुख्यतः मोठ्या जंतांना बाहेर काढते, आतड्याच्या अस्तरात शिरलेली पिल्ले त्यातून वाचतात. पट्टकृमीवर तर त्याचा उपयोगच नाही. म्हणून कोणते औषध, किती आणि पुन्हा कधी, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदा, एवढा नेम तरी प्रत्येक घराने पाळावा.

रक्ती हगवण

पावसाळ्यात तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले एकाएकी गळाठतात, पिसे फुलवून बसतात आणि विष्ठेत रक्त दिसते. हे आयमेरिया नावाच्या एकपेशीय जिवाचे काम. त्याची बीजे ओल्या, उबदार जागेत एक-दोन दिवसांतच लागण करू शकतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. खुराड्यातली जमीन ओली राहिली की पिलांचा बचाव होत नाही.

यावर पाण्यातून देण्याचे अँप्रोलियम हे औषध मिळते. त्याची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयमेरियाला वाढायला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागते. अँप्रोलियमचा रेणू दिसायला थायमिनसारखाच असल्याने तो थायमिनची वाट अडवतो आणि परजीवी उपाशी मरतो. अशक्त पिलाला ताकद यावी म्हणून त्याच वेळी कुणी ब-जीवनसत्त्वाचे टॉनिक पाजले, तर औषधाचा जोर कमी होतो. टॉनिक नंतर द्यावे.

रात्री चावणारे, दिवसा दडणारे

उवा जन्मभर कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसे फुंकरून पाहिली की त्या पळताना दिसतात आणि पिसांच्या बुडाशी अंड्यांचे पांढरे पुंजके चिकटलेले असतात. पावडर चोळल्यावर उवा मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा चोळावी लागते.

तांबड्या माइटचे वागणे उलटे. हे बारीक किडे दिवसा खुराड्याच्या फटींत, बसायच्या काठीच्या खाली लपतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काहीच सापडत नाही. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन काठीच्या खालून पांढरे फडके फिरवावे. तांबडे ठिपके उमटले की निदान झाले. भिंतींच्या भेगांत राहणारी कोंबड्यांची गोचीडही रात्रीच चावते. खाण्यावाचून ती वर्षाहून अधिक काळ जगू शकते. रिकामे पडलेले खुराडे त्यामुळे आपोआप निर्धोक होत नाही.

सर्वांत जास्त हाल होतात ते खुडूक कोंबडीचे. एकवीस दिवस ती अंड्यांवरून फारशी उठत नाही, धुळीत लोळून अंग साफ करणे राहून जाते आणि हे सगळे रक्तपिपासू तिच्या पाटीत जमतात. तुरा पांढरा पडतो, काही कोंबड्या अंडी सोडून निघून जातात. कोंबडी बसवण्याआधीच तिचे अंग तपासावे, पाटीतला जुना पेंढा जाळून नवा घालावा.

जुन्नर-आंबेगावात आणखी एक अडचण आहे. बिबट्या, मुंगूस आणि बोक्याच्या धाकाने खुराडे चारही बाजूंनी बंद केले जाते. आत हवा खेळत नाही, ओल वाळत नाही, फटी वाढतात. भक्कम जाळी लावली तर बिबट्याही बाहेर राहतो आणि ऊन-वारा आत येतो. फटी बुजवून चुना लावावा, विष्ठा रोज काढावी, बसायची काठी उन्हात तापवावी.

फवारणीची बाटली नको

ऊस, टोमॅटो, द्राक्षांच्या या पट्ट्यात घरोघरी कीटकनाशके असतात आणि उवा दिसल्या की हात तिकडेच जातो. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तांबड्या माइटसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल वापरले गेले. ते अंड्यांत उतरले आणि युरोपभरच्या बाजारांतून लाखो अंडी मागे घ्यावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकांवर फवारले जाते. शेतातले औषध कोंबडीच्या अंगावर गेले, तर ते अंड्यातून आपल्या लेकरांच्या ताटात येते. कोंबड्यांसाठी मान्य असलेलीच पावडर वापरावी आणि औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे विचारून घ्यावे. पायावरचे खवले उचलणाऱ्या किड्यांना तर विषाची गरजच नाही. कोमट साबणपाण्याने पाय धुऊन काही दिवस खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळले की ते गुदमरून मरतात.

आधी जंत, मग लस

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा आजार. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ तो नोंदला गेला आणि लवकरच कुमाऊँमधल्या राणीखेतला आढळला. हिरवट हगवण, धाप, वाकडी झालेली मान ही लक्षणे दिसली की औषध उरत नाही. लस न दिलेल्या वस्तीतल्या बहुतेक कोंबड्या काही दिवसांत संपतात. कुमाऊँमधल्याच मुक्तेश्वरला १९४०च्या दशकात यावरची लस तयार झाली. ती आठव्या आठवड्यात टोचतात. त्याआधी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालतात. पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत राणीखेतची लस बनते, म्हणजे ओझरपासून ती लांब नाही.

जंतांनी पोखरलेल्या कोंबडीत मात्र लसीची प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही. म्हणून लसीच्या आठवडाभर आधी जंतांचे औषध द्यावे.

दुसरी अडचण कुपीची. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती थंडच ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. घरात कोंबड्या आठ-दहा. एकट्या घराला हे परवडत नाही. मोझांबिक आणि टांझानियात यावर वाट काढली गेली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता बऱ्यापैकी सोसणारी आय-२ ही लस विकसित केली आणि गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी, त्यांत अनेक बायांनी, घरोघर जाऊन थेंब घातले.

आपल्याकडे त्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहायला नको. बचत गटाने वस्तीतल्या कोंबड्या मोजाव्यात, ग्रामपंचायतीने दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस बर्फात आणावी आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकाच दिवशी सगळ्या गावाचे काम उरकावे. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हा क्रमांक आहे. अनेक कोंबड्या अचानक मेल्या तर तो लगेच फिरवावा; देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला होता. मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी हाताळू नयेत. डॉक्टर सांगतील तसे चुना टाकून त्या खोल पुराव्यात. आणि आजारी कोंबडी बाजारात नेऊ नये. ती विकून मिळतील तेवढ्या पैशांसाठी शेजारच्या गावातल्या दहा घरांची खुराडी रिकामी होतात.