‘क्रिस्तपुराण’ महाकाव्य का नाही?
📍 सीबीडी बेलापूर

मराठीत महाकाव्य फारसं झालंच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मग फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चं काय करायचं? १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल इथं रोमन लिपीत छापला गेला, म्हणजे मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’च्या ५१ वर्षं आधी. दोन भाग, ९५ अध्याय आणि सुमारे ११ हजार ओव्या. आवाका सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या चरित्रापर्यंत. एवढा पल्ला गाठायला वृत्तही दमदार लागतं. या ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकात बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तिथं वाचणारा श्वास घेतो आणि कथा पुढं सरकते.

आक्षेप ठरलेले आहेत: हे पुराण आहे, धर्मप्रसारासाठी लिहिलंय आणि नायक लढवय्या नाही. पण संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीच्या ‘काव्यादर्शा’तली महाकाव्याची लक्षणं बघा. आरंभी नमन, इतिहासातलं कथानक, उदात्त नायक, अनेक सर्ग. तलवार चालवलीच पाहिजे अशी अट नाही. शिवाय एखादं अंग कमी पडलं तरी बाकीचं काव्य सरस असेल तर दोष धरू नये, ही सवलत दंडीनंच दिलीय. राहिला हेतूचा प्रश्न. धर्महेतू बाद ठरवायचा तर दान्ते आणि मिल्टनही यादीतून जातील. म्हणून माझ्या मते महाकाव्याची खरी कसोटी एकच: एका समाजाचं सगळं विश्व एकाच कथेत, एकाच सुरात पेलणं. ‘क्रिस्तपुराण’ त्या कसोटीला उतरतं. तुम्हाला काय वाटतं?

#महाकाव्य #मराठीसाहित्य