घराआधी रस्ता, भिंतीआधी नळ

शहर म्हटले की आपल्याला इमारती दिसतात. नगररचना शिकवणारा माणूस आधी जमिनीचा उतार पाहतो. पाणी कुठे मुरते, कुठे साचते ते पाहतो. ख्रिस्तोफर बेनिंजर हे असेच एक शिक्षक. १९४२ साली अमेरिकेत जन्मलेले बेनिंजर हार्वर्ड विद्यापीठात शिकवत होते. ती नोकरी सोडून १९७१ मध्ये ते अहमदाबादला आले आणि बाळकृष्ण दोशींबरोबर त्यांनी तेथे नगररचनेचे विद्यालय उभे केले. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज अँड ॲक्टिव्हिटीज’ ही संस्था काढली आणि ते पुण्याचेच झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

गरिबाला घर कसे मिळावे, हा त्यांच्या कामातला मोठा प्रश्न. तयार घराचा हप्ता मजुराला झेपत नाही. मग तो घर विकतो आणि पुन्हा झोपडीत जातो. म्हणून सरकारने लहान भूखंड आखावेत, रस्ता, पाणी, गटार द्यावे. घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे. आज एक खोली, मुलगा कमावता झाला की दुसरी. मद्रासमध्ये अरुंबाक्कम येथे १९७० च्या दशकात अशी वसाहत झाली. तिच्या आखणीत बेनिंजर यांचा वाटा होता.

पुढे भूतानची राजधानी थिंफूचा आराखडा त्यांनी केला. निसर्गाशी समतोल हे त्यांच्या नगररचनेचे पहिले सूत्र. थिंफूत जमीनमालकांनी जमिनी एकत्र केल्या, काही हिस्सा रस्ते व मोकळ्या जागांसाठी सोडला आणि उरलेली जमीन आखून ज्याची त्याला परत मिळाली. क्षेत्र घटते, पण रस्ता आणि पाणी आल्याने मोल वाढते. आपल्याकडेही १९६६ च्या नगररचना कायद्यात अशी तरतूद आहे.

तरी आपल्या शहरांच्या कडेला काय दिसते? शेत गुंठ्यागुंठ्याने विकले जाते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. घर आधी उठते, रस्ता मागून येतो, गटाराला जागाच उरत नाही. गुंठेवारी नियमित करणारा कायदा २००१ मध्ये आला. त्याने कागद सरळ होतो. बुजलेला ओढा काही मोकळा होत नाही.

आपल्या नगरला हा विचार परका नाही. १४९० मध्ये वसलेल्या या शहराला निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी येई. जमिनीचा उतार ओळखूनच ते नळ टाकले होते.

तेव्हा श्रोतेहो, प्लॉटचा इसार देण्याआधी मंजूर आराखडा पाहा. सीनेकाठचा प्लॉट असेल तर पूररेषेचा नकाशाही मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि जवळच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, पावसाळ्यात इथे पाणी कुठून वाहायचे? आयुष्यभराची पुंजी घालण्याआधी एवढी चौकशी हवीच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)