निसर्गदृश्यांसाठीं भिंग कोणतें घ्यावें?

छायाचित्रणाच्या छंदाला लागलेल्या मनुष्याच्या आयुष्यांत एक दिवस असा उगवतो कीं, कॅमेऱ्याबरोबर मिळालेलें भिंग त्याला अपुरें वाटूं लागतें. प्रवासाला जावें, नदी, अरण्य, जुने कोट पाहावेत आणि घरीं परतल्यावर चित्रांत त्यांचें तेज उतरलेलें दिसूं नये, म्हणजे सारा दोष भिंगाच्या माथीं येतो. मग नव्या भिंगाचा विचार सुरू होतो. चांगल्या भिंगाची किंमत पुष्कळदां खुद्द कॅमेऱ्याहून अधिक असते. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या शिलकीचा तो प्रश्न असतो. चुकीचें भिंग घरांत आलें तर तें कपाटांत पडून राहतें आणि छंदहि त्याच्याबरोबर मंदावतो. म्हणून भिंग काय करूं शकतें व काय करूं शकत नाहीं, हें आधीं समजून घेणें इष्ट होय.

प्रत्येक भिंगावर मिलिमीटरांचा एक आंकडा कोरलेला असतो. त्यास नाभ्यंतर म्हणतात. आंकडा जितका लहान, तितका दृश्याचा कोन रुंद. ३६ बाय २४ मिलिमीटरांच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरांचें भिंग आडव्या दिशेनें सुमारें ७४ अंशांचें दृश्य सामावून घेतें. ५० मिलिमीटरांचें सुमारें ४० अंशांचें, तर २०० मिलिमीटरांचें अवघें १० अंशांचें. अनेक कॅमेऱ्यांतील संवेदक याहून लहान असतो. त्यांच्या बाबतींत या आंकड्यास सामान्यतः दीडपट करून पाहावें; म्हणजे तेथें १६ मिलिमीटरांचें भिंग पूर्ण चौकटीवरील २४ मिलिमीटरांच्या भिंगासारखें काम करितें. या लेखांतील आंकडे पूर्ण चौकटीचे समजावेत.

निसर्गदृश्य म्हटलें कीं रुंद कोनाचेंच भिंग हवें, असा एक समज रूढ आहे. त्यांत तथ्य आहे, परंतु तें अर्धेंच. रुंद भिंग चौकटींत पुष्कळ वस्तु आणतें, म्हणूनच प्रत्येक वस्तूच्या वांट्याला जागा थोडी येते. जवळची वस्तु मोठी दिसते आणि दूरची अगदीं बारीक होऊन जाते. राजगडाच्या संजीवनी माचीवर पायाशीं तटबंदी असते, मध्यें दरी आणि पलीकडे डोंगर. तेथें रुंद भिंगाला जवळचें कांहीं सांपडतें आणि चित्र उभें राहतें. सपाट मुलखांत मात्र हाच गुण दोष होऊन बसतो.

चंद्रपूर जिल्ह्यांतील घुग्घुस हें अशा मुलखाचें चांगलें उदाहरण आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील हा कोळशाच्या खाणींचा गांव. जमीन सपाट, दृष्टीला जे उंचवटे दिसतात त्यांतील पुष्कळसे खाणींतून काढलेल्या माती-दगडांचे ढीग. जवळच वढा येथें वर्धा व पैनगंगा या नद्यांचा संगम आहे. तेथें कांठावर उभें राहून १६ किंवा २० मिलिमीटरांच्या भिंगानें चित्र घेतलें, तर वर आकाश, खालीं मोकळी जमीन आणि दोहोंच्या मध्यें सुतासारखी नदी, एवढेंच हातीं लागतें. त्याच जागेवरून ७० ते १०० मिलिमीटरांच्या भिंगानें पाहिलें, तर प्रवाहाचें वळण, पलीकडची दरड आणि पाण्याशीं उतरलेलीं माणसें चौकटींत मोठीं होऊन येतात. डोळा ज्या भागावर खिळला होता, तोच भाग चित्रांत उतरतो.

येथें एक शास्त्रीय गोष्ट ध्यानांत ठेवावी. वस्तूंचें परस्परांशीं दिसणारें प्रमाण भिंगानें ठरत नाहीं; तें छायाचित्रकार कोठें उभा आहे यावरून ठरतें. भिंग केवळ त्या दृश्याचा लहान किंवा मोठा तुकडा कापून घेतें. यास्तव आधीं जागा निवडावी आणि मग तिला शोभेल तो तुकडा.

दुसरें उदाहरण खुद्द चंद्रपूर शहराचें घ्यावें. गोंड राजांच्या कोटाचा जटपुरा दरवाजा आज भर रहदारीच्या रस्त्यावर आहे. मागें सरण्यास जागा थोडी, म्हणून सगळा दरवाजा चौकटींत घेण्यास २४ मिलिमीटर लागतात. कॅमेरा वर कलविला तर भिंती आंत झुकल्यासारख्या दिसतात. म्हणून तो समपातळींत धरून खालचा जास्तीचा रस्ता पुढें कापून टाकणें बरें. परंतु कोटाच्या दरवाजांवर गोंड राजवटीचें जें हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचें चिन्ह कोरलेलें आहे, तें उंचावर असल्यानें १०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब भिंगच त्याला न्याय देतें. एकाच घटकेंत दोन्ही गरजा पडतात. म्हणून प्रवाशाला २४ पासून १०५ किंवा १२० मिलिमीटरपर्यंत फिरणारें एकच झूम भिंग सर्वांत उपयोगी पडतें.

ताडोब्याची गोष्ट आणखी निराळी. तेथें गाडींतून उतरण्यास मनाई असल्यानें तिवईचा उपयोग नाहीं. वाळूची किंवा धान्याची लहान पिशवी गाडीच्या कडेवर ठेवून भिंगास आधार द्यावा लागतो. पुढची वस्तु निवडण्याचें स्वातंत्र्यहि नसतें. रुंद भिंगांत गाडीची कड आणि धुळीचा रस्ताच शिरतो. तलावावरील सकाळचें धुकें आणि बांबूंतून येणारा तिरपा प्रकाश ७० ते २०० मिलिमीटरांच्या भिंगास चांगला साधतो. वाघासाठीं ४०० मिलिमीटरांचें किंवा त्याहून लांब भिंग लागतें, हें खरें. परंतु तो व्यवहार वेगळा. निसर्गदृश्याच्या खरेदींत वाघ शिरला म्हणजे खर्च आणि ओझें दोन्ही आवरत नाहींत.

आतां छिद्राचा विचार. एफ २.८ चें भिंग एफ ४ च्या दुप्पट प्रकाश आंत घेतें, पण त्याचें मोल वजनानेंहि द्यावें लागतें. कॅनन कंपनीचें ७०–२०० मिलिमीटरांचें एफ ४ चें तिसऱ्या नव्हे तर दुसऱ्या आवृत्तीचें, कंपप्रतिबंधक भिंग ७८० ग्रॅमांचें आहे, तर त्याच नाभ्यंतराचें एफ २.८ चें भिंग १४८० ग्रॅमांचें. निसर्गदृश्यांत बहुधा एफ ८ किंवा एफ ११ हेंच छिद्र वापरलें जातें, कारण जवळचें व दूरचें दोन्ही स्पष्ट हवें असतें. २४ मिलिमीटरांचें भिंग एफ ११ वर ठेवून सुमारें पावणेदोन मीटरांवर केंद्रित केलें, कीं एक मीटरच्या आंतील दगडापासून क्षितिजापर्यंत सारें स्पष्ट येतें. छिद्र एफ १६ हून बारीक केल्यास प्रकाशाच्या विवर्तनानें उलट चित्र मऊ पडूं लागतें. तेव्हां जें मोठें छिद्र क्वचितच उघडावयाचें, त्यासाठीं दुप्पट ओझें खांद्यावर वाहण्यांत अर्थ नाहीं.

हवामानाचेंहि गणित मांडावें. खाणींच्या मुलखांत कोळशाची धूळ हवेंत असते. भिंग बदलतांना ती संवेदकावर बसते; म्हणून वारंवार बदलावीं लागणारीं तीन भिंगें घेण्यापेक्षां एक झूम बरें, आणि त्याच्या जोडाशीं धूळरोधक रबराची कडी असावी. काचेवरची धूळ आधीं रबरी फुग्यानें फुंकावी. कोरड्या फडक्यानें पुसल्यास ओरखडे पडतात. मे महिन्यांत चंद्रपुराकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. भर दुपारीं तापलेली हवा थरथरते आणि लांब भिंगाचें चित्र पाण्यांतल्यासारखें हलतें. यावर महागांतलें महाग भिंगहि इलाज करूं शकत नाहीं, पहांटे उठणें हाच उपाय. पावसाळ्यांत भिंगाच्या आंत बुरशी धरते. म्हणून हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह तें ठेवावें.

खरेदीपूर्वीं एक बिनखर्चाची परीक्षा आहे. प्रत्येक अंकीय चित्राबरोबर त्याचें नाभ्यंतर नोंदलेलें असतें. मागील वर्षाचीं आवडलेलीं दोनशें चित्रें संगणकावर उघडून तीं किती मिलिमीटरांवर घेतलीं याची मोजणी करावी. बहुतेक चित्रें लांब टोंकाला आलीं असतील, किंवा कडा कापून मधला भागच ठेवलेला असेल, तर गरज लांब भिंगाची आहे. आंखूड टोंकाला भिंतीशीं पाठ लागली असेल तरच रुंद भिंगाकडे वळावें. जुनें भिंग घेतांना आंत विजेरी टाकून बुरशी पाहावी आणि विटांच्या भिंतीचें चित्र घेऊन चारहि कोपरे सारखे स्पष्ट आहेत कीं नाहीं हें तपासावें.

घुग्घुससारख्या ठिकाणीं या निवडीला छंदापलीकडचाहि अर्थ आहे. उघड्या खाणी पुढें सरकतात, शेतें जातात, नवे ढीग उभे राहतात. एकाच जागेवरून, एकाच नाभ्यंतरानें, दरवर्षीं एकाच ऋतूंत घेतलेलीं चित्रें ओळीनें मांडलीं, कीं बदललेल्या भूमीचा तो विश्वासार्ह दाखला होतो. नाभ्यंतर बदलत गेलें, तर ढीग वाढला कीं भिंग बदललें, हें पुढच्या पिढीस कळणार नाहीं. यासाठीं प्रत्येक चित्रामागें जागा, तारीख आणि मिलिमीटरांचा आंकडा टिपून ठेवावा. आणि भिंग असें घ्यावें, जें दहा वर्षें खांद्यावर वागवण्याचा कंटाळा येणार नाहीं.