विश्लेषण : उद्योजकतेचे शिक्षण घेतल्याने विद्यार्थी खरेच उद्योगाकडे वळतात का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावात फौंड्री व मशीन शॉप आहेत, हुपरीत चांदीकाम, तर इचलकरंजीत यंत्रमाग. तरीही याच जिल्ह्यातील अनेक पदवीधर पदवीनंतर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका गाठतात. आता महाविद्यालयांतही उद्योजकता शिकवली जाते. त्यातून विद्यार्थ्यांचा कल बदलतो का?

उद्योगाचा इरादा कसा तयार होतो?

सामाजिक मानसशास्त्रज्ञ आयझेक आयझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेला सिद्धांत या विषयावरील संशोधनात सर्वाधिक वापरला जातो. त्यानुसार एखादी गोष्ट करण्याचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो. ती गोष्ट आपल्याला चांगली वाटते का, जवळच्या माणसांना ती मान्य आहे का, आणि ती आपल्याला जमेल असा विश्वास आहे का. वर्गातील शिक्षण पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला हात घालते. दुसरी मात्र घरात ठरते.

अभ्यास काय सांगतात?

या विषयावरील ७३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३७ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. शिक्षण आणि इरादा यांचा संबंध आढळला, पण तो क्षीण होता. विद्यार्थ्यांचा आधीपासूनचा कल हिशेबात धरल्यावर तर तो ठळक राहिला नाही. म्हणजे ज्याला आधीच ओढ आहे, तोच बहुधा असा वर्ग निवडतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष आणखी अनपेक्षित होते. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला लावणाऱ्या कार्यक्रमानंतर उद्योजक होण्याची इच्छा घटली. जर्मनीतील म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांना आपली कौशल्ये वाढल्याचे जाणवले, पण उद्योग सुरू करण्याचा इरादा थोडा कमी झाला.

मग असे शिक्षण फसले म्हणायचे का?

तसे नाही. फौंड्रीच्या जॉबवर्कचेच उदाहरण घेऊ. माल आज दिला, तरी कामगारांची मजुरी आणि विजेचे बिल थांबत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. पण तेवढे दिवस निभावण्यासाठी खेळते भांडवल लागते. त्यात काही माल नापास होऊन परत आला, तर हिशेब आणखी बिघडतो. हे गणित कागदावर सोडवून एखादा विद्यार्थी मागे फिरला, तर घर गहाण ठेवण्याआधीच तो सावध झाला, असे म्हणावे लागेल. दुसऱ्या विद्यार्थ्याचा इरादा याच गणिताने पक्का होऊ शकतो. आपल्याला काय झेपेल हे प्रत्येकाला कळावे, हे या शिक्षणाचे खरे काम.

घर आणि समाजाचा वाटा किती?

याचे ठळक उदाहरण कोल्हापुरातच आहे. राजवाड्यात कामाला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली. त्यानंतर राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा सुरू करण्यास पाठबळ दिले आणि कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. चहा करणे अवघड नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. कौशल्य आणि भांडवल यांच्याइतकीच समाजाची मान्यता महत्त्वाची असते, ती अशी. आजची अडचण वेगळी आहे. नोकरीशिवाय लग्न कसे जमणार, हा घरातला प्रश्न अनेकांना थांबवतो आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो.

विद्यार्थ्यांसाठी सोयी कोणत्या?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार शिवाजी विद्यापीठासह प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळाची तरतूद आहे. केंद्राच्या २०१९ च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात विद्यार्थी-उद्योजकांना हजेरीत सवलत आणि सत्राची सुट्टी देण्याची मुभा संस्थांना आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला १० टक्के, तर महिला, मागासवर्गीय आदी विशेष गटांना ५ टक्के रक्कम स्वतः उभी करावी लागते. अनुदान गट आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के असते.

काय बदलायला हवे?

व्याख्यान आणि लेखी परीक्षेवर भागणार नाही. उद्यमनगरातील कारखानदाराकडे काही आठवडे काम, खऱ्या ग्राहकाकडून ऑर्डर आणि महिनाभराचा जमाखर्च हे मूल्यमापनाचा भाग व्हायला हवे. बुडालेल्या धंद्याची गोष्टही वर्गात यावी. आणि एखाद्या सत्रात पालकांनाही बोलवावे, कारण निर्णयाचा एक भाग त्यांच्याच हाती असतो.