आधी हात धुवा, मग बाळाला हात लावा

कमी दिवसांचे बाळ जन्माला आले की घरची माणसे सांगतात, ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ पेटी म्हणजे नवजात अतिदक्षता कक्ष. तिथे बाळ सुरक्षित आहे, असे आपण मानतो. ते खरेही आहे. पण एका अटीवर.

२०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे आणि मनुष्यबळ यांवर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण कुठल्याही रुग्णालयात गर्दी वाढली आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या, की आणखी एक धोका वाढतो. तो म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा.

दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तेरा हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास झाला. रक्तात जंतुसंसर्ग करणाऱ्यांत अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे जंतू आघाडीवर होते. अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या पाचांपैकी चार नमुन्यांवर अनेक गटांतील प्रतिजैविके निष्प्रभ ठरली.

असे का होते? प्रत्येक प्रतिजैविक दुबळे जंतू मारते, चिवट तेवढे उरतात. तेच बेसिनच्या ओलाव्यात, सक्शनच्या नळीत, पाळण्याच्या कडेवर तग धरतात. त्यांना पाय नाहीत. एका बाळाकडून दुसऱ्याकडे ते जातात, ते बहुधा आपल्याच हातांवरून. एका परिचारिकेच्या वाट्याला आठ-दहा बाळे आली, तर दर वेळी हात धुवायला तिला सवड कुठून मिळणार?

एकाच कक्षात दोन-तीन बाळांच्या रक्तात एकच जंतू सापडला, तर ती साथीची सूचना समजावी. त्या बाळांना एका बाजूला घ्यावे, त्यांच्यासाठी वेगळी परिचारिका व वेगळी उपकरणे ठेवावीत. एकदा उघडलेली सलाईनची बाटली अनेकांना वापरू नये. बेसिन, नळ्या, दुधाची भांडी तपासावीत. प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी रक्ताचा नमुना घ्यावा आणि अहवालात संसर्ग नाही असे दिसले, बाळही ठीक असले, तर औषध थांबवावे. नुसते जास्त भारी इंजेक्शन देऊन साथ आटोक्यात येत नाही.

यासाठी पाणी हवे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला त्याचे मोल कुणी सांगायला नको. हात दिसायला स्वच्छ असतील, तर प्रत्येक पाळण्यापाशी ठेवलेले अल्कोहोलयुक्त द्रावण वीस-तीस सेकंद चोळले तरी चालते. हात मळलेले असतील, तर मात्र साबण-पाणीच लागते.

आणि आई? तिला दाराबाहेर ठेवणे हा उपाय नव्हे. आईचे दूध आणि तिच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून दिलेली ऊब संसर्गापासून बाळाचे रक्षण करते. तेव्हा आजीबाई, मावशी, पेटीजवळ जाताना बांगड्या, अंगठ्या काढा, कोपरापर्यंत हात धुवा. आणि कुणी विसरलेले दिसले, मग ते मोठे डॉक्टर का असेनात, नम्रपणे विचारा, ‘हात धुतले का?’ ज्याला स्वतः बोलता येत नाही, त्याच्या वतीने विचारलेला हा प्रश्न आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)