सल्ला न देणारी माणसं

दारू सोडायची म्हटलं की घरात आधी शपथा सुचतात. देवाची, आईची, पोराच्या डोक्यावर हात ठेवून. माझ्या धाकट्या भावाने त्या सगळ्या घेतल्या आणि प्रत्येक वेळी मनापासून घेतल्या. शपथ मोडल्यावर त्याच्याइतकं आमच्यात कुणी रडलं नसेल. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "औषधं मी देतो. पण पुढे याला रोज संध्याकाळी जायला एक जागा लागेल. एएच्या मीटिंगला पाठवा."

आधी डॉक्टर गाठले हे बरंच झालं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, कधी जिवावरही बेततं. हा टप्पा वैद्यकीय देखरेखीखालीच पार पाडायचा असतो. मीटिंगचं काम त्यानंतरचं, आणि ते खूप लांब चालणारं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजेच एएच्या हेल्पलाइनवर फोन मी लावला. पलीकडच्या गृहस्थांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, दारू बंद व्हावी असं तुम्हाला वाटतंय, की त्यांना? जवळ असतील तर त्यांना फोन द्या." भाऊ फोन घेऊन गॅलरीत गेला. आमच्याशी दोन वाक्यं धड न बोलणारा तो, कितीतरी वेळ आत आलाच नाही. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "तेही प्यायचे. सगळं तसंच."

या संस्थेचा जन्मच अशा एका फोनमधून झाला आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल नावाचा एक शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी आला होता. काम फिसकटलं. हॉटेलच्या बारमधून गप्पांचे आवाज येत होते आणि त्याची दारू सुटून जेमतेम काही महिने झाले होते. बारकडे न जाता त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. त्याला उपदेश नको होता, बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा होता. त्या शोधातून त्याची गाठ पडली डॉ. बॉब या सर्जनशी. एकमेकांना आपापली कहाणी सांगत दोघंही वाचले. सगळ्या मीटिंगांचा पाया तोच आहे.

मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. क्लोज्ड मीटिंगला फक्त ज्यांचा स्वतःचा दारूचा प्रश्न आहे त्यांनी जायचं. ओपन मीटिंगला घरचेही चालतात. पहिल्यांदा मी सोबत गेले ती ओपन होती. शाळेचा एक वर्ग, फळ्यावर दुपारचं भागाकाराचं गणित तसंच राहिलेलं. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठाले पुरुष गुडघे दुमडून बसले होते. रिक्षावाले, बँकेतले, एक निवृत्त मास्तर, मागच्या बाकावर दोन बायका. दारातच एकाने भावाचा हात हातात घेतला. "या दादा. चहा घ्या, मग बसा." आडनाव, नोकरी, किती पिता, काही विचारलं नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू थांबवायची इच्छा. फी नाही. शेवटी एक कापडी पिशवी फिरते, तिच्यात ज्याला जमेल तो पैसे टाकतो. भावापुढे आली तेव्हा शेजाऱ्याने ती हळूच पुढे सरकवली.

मग एकेक जण उठून बोलू लागला. नाव, "मी अल्कोहोलिक", आणि पुढे स्वतःचं. एकाने सांगितलं, मुलीच्या शाळेची फी घेऊन निघालो आणि गुत्त्यावर पोचलो. बोलताना त्याची बोटं बाकाच्या कडेवरून सारखी फिरत होती. तो थांबला तरी कुणी चुकचुकलं नाही, 'तुम्ही असं करायला हवं होतं' म्हणालं नाही. मधे बोलायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यावर टिप्पणी करायची नाही, हा तिथला रिवाज. पुढचा उठला आणि त्याने त्याचं सांगितलं.

आमच्या घरात वर्षानुवर्षं भावाला सल्ल्याशिवाय काही मिळालं नव्हतं. माझं ठाम मत झालं आहे की, इथे माणूस टिकतो तो या न मिळणाऱ्या सल्ल्यामुळे. जन्मभराचा वायदाही कुणी मागत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या. निघताना तिघांनी माहितीपत्रकाच्या मागे आपापले नंबर लिहून दिले. "प्यावीशी वाटली तर पिण्याआधी फोन करा, नंतर नको."

मधे त्याची एकदा घसरण झाली. दुसऱ्या दिवशी तो मीटिंगला गेला, तेव्हाही दारात चहाच होता.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर डॉक्टरांना विचारा, किंवा १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, आणि जवळच्या गटाचा पत्ता मिळवा. एका गटात मन रमलं नाही तर दुसऱ्या गटात जाऊन बघा. प्रत्येक गटातली माणसं निराळी असतात. आणि तो यायला तयार नसेल तर तुम्ही जा. घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या मीटिंगा भरतात. तिथे जायला त्याची दारू सुटण्याची वाट बघावी लागत नाही.