चिंचोक्यांचा वेढा : युद्धखेळाचा तोल कसा तपासावा?

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही राजांकडे सारखेच सैन्य असते. म्हणून तो खेळ न्याय्य आहे असे आपण सहज मान्य करतो. पण इतिहासातील लढाया अशा समसमान नसतात. मग एखाद्या खऱ्या लढाईवर पाळीपाळीने खेळायचा खेळ तयार करायचा झाला, तर दोन्ही बाजूंना जिंकण्याची सारखी संधी कशी द्यायची? आणि ती सारखी आहे हे ओळखायचे कसे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगानेच मिळते. म्हणून हा विषय इतिहासाइतकाच विज्ञानाचाही आहे.

कन्नडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना वेरूळच्या पुढे दौलताबादचा किल्ला लागतो. १६३३ साली मोगल सरदार महाबतखानाने या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला निजामशाहीकडे होता आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान तो लढवीत होता. विजापूरची फौज बाहेरून मदत पोचविण्याच्या खटपटीत होती. अखेर काही महिन्यांनी अन्नधान्याच्या टंचाईने किल्ला मोगलांच्या हाती गेला.

आता या वेढ्याचा खेळ करू. प्रत्येक डावात किल्ला पडणार हे ठरलेलेच असेल, तर किल्लेदार व्हायला कोण तयार होईल? उलट किल्ल्याला वाटेल तेवढे धान्य दिले तर इतिहासाचा विपर्यास होईल. यातून एक चांगली वाट निघते. सैन्य बदलायचे नाही, विजयाची अट बदलायची. किल्ला ठराविक मुदतीपर्यंत टिकला तर किल्लेदार जिंकला, त्याआधी पडला तर वेढा घालणारा जिंकला.

खेळाचा सांगाडा

साहित्य अगदी साधे : १२ चिंचोके आणि एक फासा. चिंचोके म्हणजे किल्ल्याच्या कोठारातील धान्य. एक पाळी म्हणजे एक आठवडा. प्रत्येक पाळीला कोठारातून एक चिंचोका काढून टाकावा. मग फासा टाकावा. ६ पडले तर बाहेरून रसद आली असे समजून दोन चिंचोके कोठारात घालावेत. पाळीच्या शेवटी कोठार रिकामे असेल तर किल्ला पडला.

किल्ला सरासरी किती आठवडे टिकेल? सहा पाळ्यांत सरासरीने एकदा ६ पडणार. म्हणजे सहा चिंचोके जाणार, दोन येणार. निव्वळ घट चारची. या वेगाने १२ चिंचोके संपायला १८ पाळ्या लागतील.

समजा, किल्लेदाराने तक्रार केली की रसद फारच कमी मिळते. म्हणून आपण नियम थोडा सैल केला : ५ किंवा ६ पडले तरी रसद येईल. आता सहा पाळ्यांत चार चिंचोके येतील, सहा जातील. घट फक्त दोनची. म्हणजे किल्ला सरासरी ३६ पाळ्या टिकेल, एकदम दुप्पट! आणि ४, ५, ६ या तिन्हींवर रसद दिली, तर आवक आणि खर्च सरासरीने बरोबरीचे होतील. मग किती पाळ्यांत वेढा संपेल याची सरासरीच काढता येणार नाही, कारण ती अमर्याद होते.

असे का होते? हौदाला वरून नळ आणि खालून भोक असेल, तर हौद रिकामा होण्याचा वेळ नळाच्या धारेवर नव्हे, तर भोकातून जाणाऱ्या आणि नळातून येणाऱ्या पाण्याच्या फरकावर अवलंबून असतो. दोन राशी एकमेकींच्या जवळ आल्या की त्यांतील एकीत केलेला लहानसा बदलही फरकात फार मोठा ठरतो. खेळाचे नियम बदलणाऱ्याने हे कायम ध्यानात ठेवले पाहिजे.

सरासरीचा चकवा

आता मुदत ठरवू. पहिल्या नियमाप्रमाणे सरासरी १८ आहे, तेव्हा १८ पाळ्यांची मुदत ठेवली की तोल साधला असे तुम्हाला वाटेल. पण गणिताने पाहिले तर अशा १०० डावांपैकी सुमारे ६६ डावांत किल्ला १८ व्या पाळीपर्यंत पडलेला असतो. कारण काही थोडे डाव फार लांबतात आणि सरासरीला वर ओढतात. वर्गात एकालाच ९८ गुण मिळाले आणि बाकीचे चाळिशीच्या आसपास असले, तर वर्गाची सरासरी बहुतेकांच्या गुणांहून अधिक निघते, तसेच हे आहे. मुदत १६ पाळ्यांची ठेवली तर वेढा घालणारा १०० पैकी सुमारे ४९ डाव जिंकतो. हा तोल उत्तम! पण याच मुदतीत ५ किंवा ६ वर रसद दिली, तर त्याला १०० पैकी जेमतेम ६ डाव मिळतात.

किती डाव खेळावेत?

गणित येत नसेल तर डाव खेळून मोजावे. पण किती? तुम्ही १० डाव खेळलात आणि किल्लेदार ७ जिंकला. खेळ किल्लेदाराकडे झुकला आहे असे म्हणावे का? नाणे १० वेळा उडविले तर छाप-काट्याचे १०२४ क्रम संभवतात. त्यांपैकी १७६ क्रमांत छाप ७ किंवा अधिक वेळा येते. म्हणजे पूर्ण न्याय्य खेळातही असा निकाल शंभरात १७ वेळा येईल. पण १०० डावांत किल्लेदार ७० जिंकला, तर मात्र खेळ नक्कीच झुकलेला आहे.

समतोल खेळाच्या १०० डावांत विजयांची संख्या ५० च्या आजूबाजूला साधारण ५ ने हेलकावे खाते. ४०० डावांत ती २०० च्या आजूबाजूला १० ने हलते, म्हणजे टक्केवारीत अडीच. हेलकावा निम्मा करायचा तर डाव चौपट खेळावे लागतात. सुरुवातीला १२ ऐवजी ११ चिंचोके ठेवले, तर १६ पाळ्यांच्या मुदतीत वेढा घालणाऱ्याचे विजय शंभरी ४९ वरून ५४ होतात. एवढा बदल शंभर डावांत खात्रीने दिसणार नाही.

जपानमध्ये 'गो' या खेळात काळ्याची पहिली खेळी असते, म्हणून पांढऱ्याला भरपाईचे गुण देतात. व्यावसायिक खेळाडूंच्या डावांत काळा निम्म्याहून थोडे अधिक डाव जिंकतो असे दिसल्यावर २००२ मध्ये तेथील 'निहोन कीइन' या संस्थेने ही भरपाई साडेपाचवरून साडेसहा केली. एवढ्या बारीक फरकाची खात्री हजारो डावांच्या नोंदींमुळेच होऊ शकते.

माणूस खेळात येतो तेव्हा

आतापर्यंत खेळणारा फाशाचा गुलाम होता. आता त्याला निर्णय देऊ. किल्ल्याकडे येणाऱ्या दोन वाटा माना, डावी आणि उजवी. दर पाळीला किल्लेदाराने रसदेची वाट गुपचूप कागदावर लिहावी. वेढा घालणाऱ्याने एका वाटेवर चौकी बसवावी. वाट बरोबर ओळखली तर रसद नाही. चुकली तर फासा टाकावा आणि ५ किंवा ६ वर रसद द्यावी. दोघेही अंदाजाने खेळले तर रसदेची शक्यता निम्मे गुणिले एक-तृतीयांश, म्हणजे एक-षष्ठांशच राहते. पहिला तोल जसाच्या तसा!

पण माणूस फाशासारखा वागत नाही. एखादा दोनदा डावी लिहिली की तिसऱ्यांदा हमखास उजवी लिहितो. प्रतिस्पर्ध्याने ही सवय ओळखली की तोल ढळतो. हे कागदावरच्या गणितात दिसत नाही, चाचणीचे डाव खेळल्यावरच कळते. मुरलेल्या खेळाडूंचा तोल नवख्यांहून वेगळा असू शकतो. आपल्या वाघ-बकरीचा नेपाळी भाऊबंद म्हणजे बाघ-चाल : ४ वाघ, २० बकऱ्या. दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर तो बरोबरीत सुटतो, हे लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट यांनी संगणकाच्या साहाय्याने २००९ मध्ये दाखविले. अशी अचूकता माणसाला साधत नाही, म्हणून प्रत्यक्षात कोणीतरी जिंकतोच.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. ४० विद्यार्थ्यांच्या २० जोड्या पाडाव्यात. प्रत्येक जोडीने ६ डाव खेळावेत, तीन डावांनंतर बाजू बदलाव्यात; नाहीतर हुशार खेळाडूचा विजय आपण नियमाच्या खात्यावर टाकू. एका वेळी एकच नियम बदलावा. किती डाव खेळायचे ते आधीच फळ्यावर लिहावे. मनाजोगा निकाल आला की थांबायचे, असे करू नये. आणि हरलेला डावही वहीत लिहावा.

प्रयोगशाळेत लंबकाचे दोलन मोजताना आपण हेच नियम पाळतो. चिंचोके आणि फासा घेऊन बसलेल्यालाही ते लागू आहेत.